भट्टीतली नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये: तूप, धग आणि दिवाळीचे चौदा डबे

रंकाळाकाठ

आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एक काम ठरलेले असे. आई मैदा, रवा, साखर, वनस्पती तूप आणि वेलदोड्याची पूड पिशवीत भरून देई, आणि मी व माझा भाऊ ती पिशवी आणि रिकामे पत्र्याचे डबे घेऊन जवळच्या बेकरीत नंबर लावायला जात असू. तिथले कामगार आमच्या देखत साखर-तूप फेसत, पीठ मळत, गोळे काळ्या पत्र्यांवर मांडत, पत्र्याच्या कोपऱ्यात आमच्या नावाची चिठ्ठी ठेवत आणि संध्याकाळी या म्हणून सांगत. भाजणावळ किलोवर असे. एका वर्षी चिठ्ठी बदलली आणि आमच्या डब्यांत दुसऱ्याच कोणाची नानकटाई आली. ती आमच्यापेक्षा सरस निघाल्यामुळे आईने तक्रार करायची नाही असे ठरवले.

ती बेकरी आता नाही. यंदा आणखी दोन ठिकाणी चौकशी केली, पण बाहेरचे सामान आम्ही भाजून देत नाही असे उत्तर मिळाले. म्हणून घरातल्या 28 लिटरच्या ओटीजीवरच भरवसा ठेवला आहे. सासर, माहेर, शेजार आणि कार्यालयातल्या मैत्रिणी धरून चौदा घरी डबे द्यायचे आहेत आणि आतापर्यंतच्या दोन्ही खेपा फसल्या आहेत. पहिल्या खेपेत दोन वाट्या मैदा, एक वाटी साजूक तूप, एक वाटी साखर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा असे प्रमाण घेतले, तर सगळे गोळे पसरून एकमेकांना चिकटले आणि ट्रेवर एकच पोळी तयार झाली. दुसऱ्या खेपेत अर्धी वाटी मैदा वाढवला, तेव्हा आकार टिकला, पण सासूबाईंना ती चहात बुडवूनही चावेना. नेमके काय चुकते आहे, हे जाणकारांनी सांगावे.

गंगावेशकर

तूप पातळ होते की घट्ट, साखर दळलेली होती की तशीच, आणि ट्रे आत सरकवण्यापूर्वी ओव्हन किती वेळ तापवला होता, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय निदान करणे कठीण आहे.

रंकाळाकाठ

तूप पातळ करून घेतले होते, कारण ते मोजायला सोपे जाते. साखर मिक्सरमधून काढली होती, पण चाळली नव्हती. ओव्हन 150 अंशांवर लावून लगेच ट्रे आत ठेवला. हे लिहिताना माझे मलाच थोडे उमगू लागले आहे.

उतरती धग

आमच्या घरी माझ्या वडिलांपर्यंत बेकरीचा व्यवसाय होता, त्यामुळे भट्टीच्या बाजूने काही सांगू शकतो. लाकडाची विटांची भट्टी आणि घरचा ओव्हन यांतला फरक केवळ आकाराचा नाही. भट्टीत आधी लाकूड जाळून विटा तापवतात, मग निखारे बाजूला ओढून किंवा बाहेर काढून आतली जमीन पुसून घेतात आणि पहिल्यांदा पाव लावतात, कारण पावाला सर्वांत जास्त आच लागते. पावाच्या खेपा निघाल्यावर भट्टी हळूहळू उतरू लागते आणि या उतरत्या धगीवर आधी बिस्किटे आणि नानकटाई, तर सर्वांत शेवटी टोस्ट वाळवायला ठेवतात. म्हणजे तुमचे गोळे आत जाताना भट्टी चांगली तापलेली असते, त्यांची वरची कड लगेच धरली जाते आणि नंतर आतले पीठ कमी होत जाणाऱ्या आचेवर सावकाश कोरडे होते. तुम्ही याच्या नेमके उलट केलेत. थंड ओव्हनमध्ये आच हळूहळू चढत गेली, त्यामुळे पीठ धरण्याआधीच तूप वितळले आणि गोळा बसला.

भट्टीची नक्कल करायची असेल, तर ओव्हन 180 अंशांवर पूर्ण तापवून घ्या, ट्रे आत ठेवल्यावर पाच मिनिटांनी 160 करा आणि मग दहा ते तेरा मिनिटे भाजा. खालची व वरची अशा दोन्ही कॉइल चालू हव्यात आणि ट्रे मधल्या खाचेत हवा. बाहेर काढताना नानकटाई मऊच लागते, तेव्हा घाबरून ती पुन्हा आत ढकलू नका. ती गार होताना खुसखुशीत होते.

आणखी एक गोष्ट ग्राहकांना सहसा माहीत नसे. नानकटाईवर ज्या भेगा पडतात, त्यासाठी पुष्कळ बेकऱ्यांत सोड्याबरोबर किंवा सोड्याऐवजी खाण्याचा अमोनिया, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, वापरत असत आणि अजूनही वापरतात. तापल्यावर त्याचे अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन ते सगळे उडून जाते, मागे काही उरत नाही. मात्र हे फक्त पातळ आणि कोरड्या पदार्थांना लागू आहे. केकमध्ये ओल राहते, ती ओल अमोनिया धरून ठेवते आणि केकला उग्र वास येतो. घरच्या छोट्या ओव्हनचे दार उघडताना तो वास डोळ्यांत जातो, म्हणून घरी सोड्यावरच भागवावे असे माझे मत आहे.

काकवी

वरच्या प्रतिसादातले आचेचे गणित बरोबर आहे, पण माझ्या मते अर्धी चूक तुपात आहे.

आपल्याकडे म्हशीच्या दुधाचे तूप आवडीने खातात आणि ते रवाळ असले म्हणजे आपण कढवणारीचे कौतुक करतो. तूप रवाळ होते ते सावकाश गार झाल्यामुळे, कारण मग त्याचे कण मोठे होतात. गरम पोळीवर घ्यायला ते उत्तम आहे, पण नानकटाईसाठी तेच अडचणीचे ठरते. साखर-तूप फेसताना तुपात हवा कोंडायची असते. मोठ्या कणांचे तूप हवा नीट धरत नाही आणि पातळ तूप तर मुळीच धरत नाही. वनस्पती तुपाचे कण बारीक आणि एकसारखे असतात, म्हणून बेकरीवाल्याला ते सोयीचे वाटते.

यावर उपाय आहे. तूप वितळवून पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवावे आणि घट्ट होईपर्यंत चमच्याने सारखे हलवत राहावे. झटपट गार झाल्यामुळे कण बारीक राहतात आणि तूप लोण्यासारखे मऊ होते. मग ते हाताने किंवा बीटरने पाच-सात मिनिटे फेसावे, पांढरे आणि हलके झाले की चाळलेली पिठीसाखर घालून पुन्हा तेवढाच वेळ फेसावे. नानकटाईतले खरे कष्ट इथेच आहेत, पुढे फक्त मांडामांड उरते.

प्रमाण वजनाने द्यायला हवे, कारण तुमच्या घरची वाटी आणि माझ्या घरची वाटी एक नाही, आणि परदेशी पाककृतींतला कप तर साधारण 240 मिलिलिटरचा असतो. मी मैदा 250 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, बारीक रवा 25 ग्रॅम, साजूक तूप 180 ग्रॅम, पिठीसाखर 150 ग्रॅम, सोडा पाव छोटा चमचा, दही एक छोटा चमचा, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा-जायफळ घेते. यात साधारण तीस नग होतात. सोड्याला आंबट काहीतरी लागते, नाहीतर तो पदार्थात तसाच उरतो आणि साबणासारखी चव येते. दही त्यासाठीच आहे. पीठ घातल्यावर मात्र मळायचे नाही, फक्त गोळा करायचा आहे. तुपात पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे मैद्याला चिवटपणा येत नाही, आणि आपण चपातीच्या सवयीने मळत बसलो की हा फायदा हातचा जातो. तुमची दुसरी खेप दगडासारखी झाली, ती वाढवलेल्या मैद्यामुळे आणि बहुधा मळण्यामुळे.

गोळे मांडल्यावर ट्रे वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा आणि मग तापलेल्या ओव्हनमध्ये घाला.

जुना पेठकर

सर्व शास्त्र मान्य आहे. तरीही नम्रपणे सांगतो की, आपल्या लहानपणीची ती चव डालड्याची होती. साजूक तुपाची नानकटाई श्रीमंत लागते, पण ती ती लागत नाही. टाळूला चिकटणारा तो थर, तो पांढुरका रंग आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर येणारा तो वास तुपाने येत नाही. मी दरवर्षी निम्मी खेप वनस्पती तुपाची करतो आणि ती आधी संपते.

उतरती धग

पेठकर काका, चवीबद्दल तुमचे म्हणणे खोटे नाही. डालड्याविरुद्धचा मोठा आक्षेप त्यातल्या ट्रान्स फॅटवर होता, कारण तिचा संबंध थेट हृदयविकाराशी आहे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल आणि वनस्पती तुपातल्या या घटकाची मर्यादा जानेवारी 2021 पासून 3 टक्के आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्के केली आहे. त्यामुळे आजचा डबा आपल्या लहानपणीच्या डब्यासारखा नाही आणि माझ्या अनुभवाने त्याची चवही पूर्वीसारखी नाही. तुमची निम्मी खेप आधी संपते, याचे श्रेय थोडे आठवणींनाही द्यावे लागेल.

जुना पेठकर

आठवणींची भाजणावळ द्यावी लागत नाही, हेही लक्षात घ्यावे.

शाहूपुरीतली

गुळाची नानकटाई करण्याचा विचार कोणी करत असेल, तर माझा अनुभव वाचावा. आपण कोल्हापूरचे, शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसवलेल्या पेठेत मी राहते, कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा परक्या ब्राउन शुगरसाठी धावपळ कशाला, असा माझा बाणा होता. साखरेच्या जागी तेवढ्याच वजनाचा किसलेला गूळ घातला. गुळात ओल असते आणि ती हवेतूनही ओल ओढतो, म्हणून नानकटाई पसरली, कडा लवकर काळपट झाल्या आणि तिसऱ्या दिवशी ती सादळली. चव सुरेख होती, पण डब्यातून वाटण्याजोगी ती वस्तू नव्हती. आता मी निम्मी साखर आणि निम्मी गूळ पावडर घेते, आच दहा अंशांनी कमी ठेवते आणि ती आठवडाभरात संपवायची आहे असे घेणाऱ्याला सांगते.

गुळाचे खरे काम केकमध्ये आहे. गुऱ्हाळे सुरू झाली की काकवी मिळते. गव्हाच्या पिठाच्या केकमध्ये काकवी, दही आणि सोडा यांची जोडी इतकी छान जमते की, अंड्याची आठवण होत नाही. ओल धरून ठेवण्याचा जो गुण नानकटाईला मारक ठरला, त्याच गुणाने केक तीन दिवस मऊ राहतो. (धाग्यातल्या काकवीताईंनी नावाचा मान राखून यावर लिहावे, ही विनंती.)

चंदगडी काजू

नाचणीचा प्रयोग कोणी केला आहे का? आमच्याकडे नाचणी आणि काजू दोन्ही घरचे आहेत.

काकवी

केला आहे. मैद्याच्या निम्म्या वजनाइतके नाचणीचे पीठ मंद आचेवर खमंग भाजून, पूर्ण गार करून घ्यावे. सगळेच पीठ नाचणीचे घेतले, तर नानकटाई उचलतानाच भुगा होतो, कारण बांधून ठेवायला मैद्यातला चिवटपणा तिथे मुळीच नसतो. काजूची भरड दोन-तीन चमचे घातली तर उत्तम, फक्त तेवढ्या प्रमाणात तूप थोडे कमी करावे. काकवीच्या केकबद्दल वेगळा धागा काढीन. इथे चौदा डब्यांची घाई आहे.

कपिलतीर्थ

डबे वाटण्याच्या बाजूने एक गोष्ट मांडते. आम्ही जैन आहोत. मागच्या वर्षी एका अतिशय प्रेमळ शेजारणीने केक पाठवला, आमच्या सासऱ्यांनी तो आवडीने खाल्ला, आणि दोन दिवसांनी गप्पांत त्यात अंडी होती हे कळले. तिने मुद्दाम काही केले नव्हते आणि तिला किती वाईट वाटले हे मी पाहिले आहे, पण त्या दिवसापासून सासरे कोणाकडचाही केक घेत नाहीत. डब्यावर चार शब्दांची चिठ्ठी असती, तर हे टळले असते. अंडी आहेत की नाहीत, तूप कोणते, शेंगदाणे किंवा सुका मेवा आहे का आणि कोणत्या तारखेला केले, एवढे पुरते. अंड्याचा केक ज्या भांड्यात फेसला, त्याच भांड्यात नानकटाईचे तूप फेसले असेल तर तेही लिहावे. काही घरांत त्याने फरक पडतो आणि ते विचारायला घेणारा संकोचतो.

साखरेचा आजार असलेल्यांसाठी गुळाचा डबा वेगळा करणाऱ्यांना मात्र विनंती आहे की, त्यांनी तसे करू नये. गूळही साखरच आहे.

नाताळचा फराळ

कपिलतीर्थ ताईंचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. आमच्या घरी नाताळात करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या हा सगळा फराळ होतो आणि त्याच्या जोडीला केक असतो. दिवाळीत शेजारून आलेली ताटे आमच्याकडून डिसेंबरात भरून परत जातात, त्यामुळे आमच्या आईने फार पूर्वीपासून दोन केक करण्याची पद्धत ठेवली आहे. अंड्याचा केक गोल भांड्यात आणि बिनअंड्याचा लांबट भांड्यात, म्हणजे कापल्यानंतरही तुकड्यावरून ओळख पटते. बिनअंड्याच्या केकसाठी ती एका अंड्याच्या जागी पाव कप दही घेते. सुका मेवा महिनाभर आधी संत्र्याच्या रसात भिजवून फ्रीजमध्ये ठेवते, आणि जड मेव्याचा केक 150 ते 160 अंशांवर तासाभराहून थोडा अधिक वेळ भाजते. मेवा तळाशी बसू नये म्हणून तो आधी मैद्यात घोळवते. विणायची सुई मधोमध खुपसून ती कोरडी निघाली की केक झाला. आमच्या घरी त्या सुईवर स्वेटर कधीच विणला गेला नाही.

गंगावेशकर

रंकाळाकाठ ताई, ट्रे ठेवण्याआधी ओव्हन तपासा. बटणावर 160 लिहिले असले, म्हणजे आत 160 असतेच असे नाही. घरगुती ओव्हनमध्ये दहा-वीस अंशांची तफावत नेहमीची आहे. ओव्हनचा थर्मामीटर नसेल, तर साखर वापरा. साखर साधारण 186 अंश सेल्सिअसला वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घेऊन आधी 180 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटे ठेवा. ती वितळली, तर तुमचा ओव्हन सांगतो त्याहून जास्त तापतो. नंतर नवी साखर 190 वर ठेवा. ती वितळली नाही, तर कमी तापतो. आमचा ओव्हन चौदा-पंधरा अंश पुढे पळणारा निघाला आणि दोन वर्षे दोष मी सौभाग्यवतींच्या हाताला देत होतो. या विषयावर घरी आता बोलणे होत नाही.

पुण्याला पार्सल

डबे बाहेरगावी पाठवायचे असतील, तर नानकटाई ओव्हनमधून काढल्यावर जाळीवर पूर्ण गार होऊ द्यावी. कोमट असताना डबा बंद केला, तर आतली वाफ तिलाच मऊ करते. डब्यात तळाशी आणि प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालावा आणि वर उरलेली जागा कागदाच्या बोळ्यांनी गच्च भरावी, कारण मोडतोड होते ती नानकटाई डब्यात हलल्यामुळे. सादळलेली नानकटाई टाकून देऊ नये. 150 अंशांवर पाच-सात मिनिटे ठेवून गार केली, की पुन्हा खुसखुशीत होते. आपल्या पावसाळ्यात मी हा प्रकार आठवड्याला एकदा करते.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल सुटी होती, म्हणून सगळे एका दिवसात करून पाहिले.

साखरेची परीक्षा आधी घेतली. 180 वर साखर तशीच राहिली, 190 वरही तशीच राहिली आणि 200 वर वितळली. म्हणजे माझा ओव्हन निदान चार-पाच आणि कदाचित दहा-बारा अंश मागे आहे, आणि ज्या 150 वर मी पहिली खेप भाजली, ती धग बहुधा 140 च्या आसपास असावी. बर्फाच्या पाण्यात तूप हलवताना हात गारठला, पण सात-आठ मिनिटांत ते खरोखर लोण्यासारखे झाले. आमच्या रवाळ तुपाचा असा कायापालट सासूबाईंना अजिबात आवडला नाही आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले.

सगळे पीठ एकदम न भाजता चार-चार नगांच्या तीन छोट्या खेपा केल्या. फ्रीजमध्ये न ठेवलेले गोळे किंचित पसरले, पण पोळी झाली नाही. फ्रीजमध्ये ठेवलेले गोळे उंच राहिले आणि त्यांना बारीक भेगाही पडल्या. तिसरी खेप उतरत्या धगीच्या पद्धतीने भाजली, आधी 190 आणि पाच मिनिटांनी 170. माझ्या ओव्हनसाठी दहा अंश वाढवून. ती तिन्हींत सरस झाली. डाव्या बाजूची एक नानकटाई मात्र दरवेळी जास्त लाल होते, म्हणजे निम्म्या वेळानंतर ट्रे फिरवावा लागणार.

सासूबाईंनी चहात न बुडवता दोन खाल्ल्या. भावाला एक नेऊन दिली, तर त्याने ती दोन्ही बाजूंनी निरखून पाहिली आणि ही आपली नव्हे, चिठ्ठी बदललेल्या वर्षीची आहे, असा निर्णय दिला.

आता 180 ग्रॅम तुपात तीस नग आणि प्रत्येक डब्यात बारा, म्हणजे चौदा डब्यांना 168 नग आणि किलोभर तूप लागेल. चिठ्ठ्या आज रात्री लिहिते. पेठकर काका, तुमच्यासाठी वनस्पती तुपाची एक खेप वेगळी करायची का?

जुना पेठकर

करावी. डबा परत करताना तो रिकामा येणार नाही, एवढे आश्वासन देतो.